विश्लेषण : शर्यत हजारोंनी पाहिली, चित्र मात्र एकाच्याच मालकीचे? मोटार शर्यतींच्या वार्तांकन हक्कांचा तिढा काय?

फ्लोरिडातील डेटोना ट्रॅक, २३ फेब्रुवारी २०१३. नॅस्कारच्या दुसऱ्या फळीतील शर्यतीची अखेरची फेरी सुरू होती. अंतिम रेषा समोर दिसत असताना गाड्या एकमेकींवर आदळल्या. एक गाडी उडून संरक्षक जाळीवर गेली आणि तिचे चाक व सुटे भाग थेट प्रेक्षकांत येऊन पडले. किमान २८ प्रेक्षक जखमी झाले. गॅलरीत बसलेल्या एकाने हे सारे मोबाइलवर टिपले आणि यूट्यूबवर टाकले. काही वेळातच ती चित्रफीत गायब झाली. कारण काय, तर नॅस्कारने केलेला स्वामित्वहक्काचा दावा! जखमींबद्दलच्या आदरापोटी आपण ही विनंती केल्याचे स्पष्टीकरण नॅस्कारने नंतर दिले. यूट्यूबने मात्र या चित्रफितीवर नॅस्कारचा स्वामित्वहक्क नसल्याचे सांगत ती पुन्हा खुली केली.

स्वतःच्या फोनने, स्वतःच्या आसनावरून टिपलेले दृश्य आपले नसते का? हा प्रश्न तेव्हा अमेरिकेत गाजला. बारा वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्याचे सरळ उत्तर नाही. उलट फॉर्म्युला वन असो वा मोटोजीपी, व्यावसायिक मोटार शर्यतींत काय दाखवायचे, कुणी दाखवायचे आणि ट्रॅकवर कुणाला येऊ द्यायचे, हे ठरवणारे हात आणखी कमी झाले आहेत.

हक्क मुळात कुणाचे? ते एका हाती कसे गेले?

फॉर्म्युला वनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० मध्ये सिल्व्हरस्टोनला सुरू झाली. सुरुवातीची कित्येक वर्षे टीव्हीचे हक्क ही कुणाला फारशी मोलाची गोष्ट वाटत नव्हती. प्रत्येक शर्यतीचा आयोजक वेगळा, स्थानिक वाहिनी वेगळी, आणि दाखवायचे की नाही हे वाहिनीच्या मर्जीवर. १९७६ मध्ये ब्रँड्स हॅचच्या ‘रेस ऑफ चॅम्पियन्स’चे प्रक्षेपण बीबीसीने चक्क मागे घेतले, कारण सर्टीज संघाच्या गाडीवर ड्युरेक्स या कंडोम ब्रँडची जाहिरात होती. त्या काळी वाहिनी शर्यतीला डोळे वटारू शकत होती, हे आज खरे वाटणार नाही.

हे चित्र पालटले ते ब्रॅबहॅम संघाचे मालक बर्नी एकलस्टन यांनी. संघांची संघटना ‘फोका’ आणि जागतिक नियामक संस्था यांच्यात १९८० च्या सुमारास मोठा संघर्ष झाला. त्यातून १९८१ मध्ये ‘कॉन्कॉर्ड करार’ झाला. पॅरिसमधील ज्या चौकात नियामक संस्थेचे कार्यालय होते त्या प्लास द ला कॉन्कॉर्डवरून हे नाव पडले. या करारामुळे टीव्ही हक्कांची बोलणी करण्याचा अधिकार एकलस्टन यांच्या बाजूला आला. सुट्या सुट्या शर्यती विकण्याऐवजी अख्खा हंगाम एकगठ्ठा विकायचा, आणि जी वाहिनी घेईल तिने सर्व शर्यती दाखवायच्या, हे त्यांचे सूत्र. फॉर्म्युला वन जगभर पोहोचली ती या सूत्रामुळे, हे मान्य करायला हवे.

युरोपीय आयोगाने हस्तक्षेप का केला?

नव्वदच्या दशकात नियामक संस्था ‘एफआयए’ने एक पाऊल पुढे टाकले. आपल्या परवानगीने होणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोटार स्पर्धांच्या टीव्ही हक्कांवरच तिने दावा सांगितला. ट्रकच्या शर्यतींचे चित्रीकरण करणाऱ्या जर्मनीतील एका कंपनीने याविरुद्ध तक्रार केली. १९९९ मध्ये युरोपीय आयोगाने औपचारिक आक्षेप नोंदवले. नियम करणारी आणि धंदा करणारी संस्था एकच कशी, हा मुख्य सवाल होता. दुसरा आक्षेप याहून बोलका. फॉर्म्युला वनला स्पर्धक ठरेल अशी शर्यत दाखवणाऱ्या वाहिनीला आर्थिक भुर्दंड बसेल, अशी कलमे प्रक्षेपण करारांत होती.

२००१ मध्ये तडजोड झाली. एफआयएने केवळ नियामक राहायचे आणि व्यापारी हक्क वेगळ्या कंपनीकडे द्यायचे असे ठरले. हे हक्क दिले गेले तेही तब्बल शंभर वर्षांसाठी, २०११ ते २११० पर्यंत. त्याबदल्यात एफआयएला तीस कोटी डॉलरहून थोडी अधिक रक्कम मिळाली. ती देणारी कंपनी अर्थातच एकलस्टन यांच्या गोटातली होती. मक्तेदारी मोडायला निघालेल्या तपासाचा शेवट शतकभराच्या भाडेपट्ट्यात झाला! जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या लिबर्टी मीडियाने हा सारा व्यवसाय विकत घेतला. कर्जासह त्याचे मूल्य आठ अब्ज डॉलर धरले गेले. २०२४ मध्ये फॉर्म्युला वनचा महसूल सुमारे ३.४ अब्ज डॉलर होता आणि त्यातला साधारण एक तृतीयांश वाटा माध्यम हक्कांचा होता.

भारतातील शर्यतीत हे जाळे कसे दिसले?

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीन शर्यती झाल्या. पहिल्या वर्षी सचिन तेंडुलकरने चौकडीचा झेंडा फडकवला, सेबास्टियन व्हेटेल जिंकला, एवढे अनेकांना आठवत असेल. ट्रॅक जेपी समूहाचा, जमीन इथली, तिकिटे इथे विकलेली. पण त्या आवारात नेमके कुणाचे काय होते, हे जगासमोर आले ते प्राप्तिकराच्या खटल्यात.

सर्वोच्च न्यायालयाच्या २४ एप्रिल २०१७ च्या निकालात ही कागदपत्रे उलगडली आहेत. शर्यत भरवण्याचा मान मिळवण्यासाठी जेपीने सप्टेंबर २०११ मध्ये चार कोटी डॉलर देण्याचा करार केला. त्याच सुमारास आणखी काही करार झाले. माध्यमे व मुख्य प्रायोजकत्वाचे हक्क एका कंपनीकडे, पॅडॉकचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे आणि टीव्हीचे चित्रण करण्याचे काम तिसऱ्या कंपनीकडे गेले. तिन्ही कंपन्या फॉर्म्युला वन समूहाशीच निगडित! बोधचिन्हे वापरण्याच्या परवान्याची किंमत मात्र एक डॉलर. थोडक्यात, यजमानाने मांडव घातला, वाजंत्री बोलावली, जेवणावळीचा खर्च केला, आणि लग्नाच्या व्हिडीओवर त्याचा काडीचाही हक्क उरला नाही. शर्यतीच्या काळात सर्किटचा ताबा प्रत्यक्षात परदेशी कंपनीकडेच असल्याचे मान्य करून न्यायालयाने, हे तिचे भारतातील ‘स्थायी आस्थापन’ ठरते आणि तिला इथे कर द्यावा लागेल, असा निर्णय दिला. प्रश्न कराचा होता. पण माध्यम हक्क आणि ट्रॅकवरचा प्रत्यक्ष ताबा या दोन गोष्टी कशा एकमेकींत गुंतलेल्या असतात, हे दाखवणारा इतका स्पष्ट दस्तऐवज दुसरा सापडणे कठीण.

पत्रकाराला आत काय करता येते?

फॉर्म्युला वनच्या पॅडॉकमध्ये जाण्याचे दोन रस्ते आहेत. लेखी माध्यमांचे पत्रकार आणि छायाचित्रकार यांना अधिस्वीकृती एफआयए देते, तर टीव्हीच्या मंडळींना परवाना मिळतो तो हक्कधारक कंपनीकडून. म्हणजे ज्याने पैसे मोजले त्यालाच कॅमेरा आत नेता येतो. लेखी पत्रकाराने पॅडॉकमध्ये फोन काढून चालकाची चित्रफीत घेतली आणि आपल्या संकेतस्थळावर टाकली, तर त्याचे अधिस्वीकृतीपत्र धोक्यात येते. २०१७ पूर्वी तर संघांना आणि चालकांनाही पॅडॉकमधून चित्रफिती टाकण्यास मनाई होती. लिबर्टीने आल्या आल्या हा नियम सैल केला. पण सैल झाला तो संघांसाठी. पत्रकारांसाठी फार काही बदलले नाही.

प्रवेश देणारा जेव्हा बातमीचा विषयही असतो तेव्हा काय होते? ऑक्टोबर २०२२ मध्ये मेक्सिकोत रेड बुल संघ आणि मॅक्स व्हर्स्टापेन यांनी स्काय स्पोर्ट्सशी बोलणेच बंद केले. २०२१ चे विजेतेपद हॅमिल्टनकडून हिरावले गेले, या अर्थाची टिप्पणी वाहिनीच्या प्रतिनिधीने केली होती. एका शर्यतीपुरता हा बहिष्कार टिकला. हक्कांसाठी प्रचंड रक्कम मोजणाऱ्या वाहिनीची ही गत, तर छोट्या संकेतस्थळाच्या वार्ताहराने काय करावे? मार्च २०२४ मध्ये ‘रोड अँड ट्रॅक’ या अमेरिकी नियतकालिकाने फॉर्म्युला वनमधील ऐश्वर्यावर तिरकस लेख प्रसिद्ध केला आणि लगेच काढूनही टाकला. लेखिकेचा प्रवास एका प्रायोजक कंपनीच्या खर्चाने झाला होता. कुणाच्याही दबावाखाली नव्हे, तर आपल्या निर्णयाने लेख काढल्याचे संपादकांनी सांगितले. ते खरे मानले तरी प्रायोजकाच्या तिकिटावर शर्यत पाहून लिहिण्याची ही पद्धत या खेळात किती रुळली आहे, हे त्यातून दिसलेच.

गंमत अशी की चालकांना बोलण्याची सक्ती आहे. पत्रकार परिषदेला हजर राहणे नियमाने बंधनकारक. सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला व्हर्स्टापेनने पत्रकार परिषदेत अपशब्द वापरला म्हणून त्याला सार्वजनिक हिताचे काम करण्याची शिक्षा झाली. त्याने पुढच्या अधिकृत परिषदेत एकेका शब्दात उत्तरे दिली आणि बाहेर पॅडॉकमध्ये येऊन त्याच पत्रकारांशी मनमोकळे बोलला. नियमाचे पालन झाले, आणि नियमाची फजितीही.

एकच चित्र सर्वांना, म्हणजे काय?

हा भाग तांत्रिक आहे, पण सगळ्या वादाचे मूळ इथेच आहे. क्रिकेटप्रमाणे इथेही जगभरच्या वाहिन्यांना एकच चित्रण दिले जाते, त्याला ‘वर्ल्ड फीड’ म्हणतात. ट्रॅकभोवतीचे कॅमेरे, हेलिकॉप्टर, गाडीवरचे कॅमेरे, संघांचे रेडिओ संभाषण हे सारे इंग्लंडमधील बिगिन हिल येथील केंद्रात जाते. तिथे दिग्दर्शक ठरवेल ते दृश्य मुंबईत, माद्रिदमध्ये, मेलबर्नमध्ये दिसते. समालोचक आपला, चित्र त्यांचे. मोनॅकोची शर्यत दीर्घकाळ याला अपवाद होती, तिथे चित्रण स्थानिक वाहिनी करत असे. २०२१ मध्ये तिथे व्हेटेल आणि गॅस्ली चढावर चाकाला चाक लावून झुंजत असताना दिग्दर्शकाने लान्स स्ट्रोलची गाडी कर्बवरून गेल्याचे रीप्ले दाखवले आणि जगभरचे चाहते चिडले. २०२३ पासून मोनॅकोचे चित्रणही फॉर्म्युला वनकडे गेले. दर्जा नक्कीच सुधारला. पण वेगळ्या नजरेने पाहणारा शेवटचा कॅमेराही त्या दिवशी बंद झाला.

एकाच्या चुकीचे परिणाम सर्वांना कसे भोगावे लागतात, हे भारतीय प्रेक्षकांनी सप्टेंबर २०२३ मध्ये पाहिले. बुद्ध सर्किटवरील मोटोजीपीच्या प्रक्षेपणात जम्मू-काश्मीर आणि लडाख वगळलेला भारताचा नकाशा झळकला. शर्यत भारतातली, पण नकाशा इथल्या कुणी तपासलेला नव्हता. मोटोजीपीला माफी मागावी लागली.

चित्रफीत हा पुरावा असेल तर?

१४ नोव्हेंबर २०२१, ब्राझीलमधील साओ पावलो. ४८ व्या फेरीत हॅमिल्टन पुढे जाऊ पाहत असताना व्हर्स्टापेनने दोघांनाही ट्रॅकबाहेर नेले. पंचांनी चौकशीची गरज नसल्याचे ठरवले. व्हर्स्टापेनच्या गाडीवरील पुढे पाहणाऱ्या कॅमेऱ्याचे दृश्य त्या वेळी पंचांकडे नव्हते. गाडीवर अनेक कॅमेरे असले तरी सर्वांचे चित्र एकाच वेळी थेट येत नाही. काहींचे शर्यतीनंतर उतरवून घ्यावे लागते. ते दोन दिवसांनी बाहेर आले, मर्सिडीजने फेरविचाराची मागणी केली. पुरावा नवा आणि संबंधित आहे, पण निर्णय बदलण्याइतका महत्त्वाचा नाही, असे म्हणत पंचांनी ती फेटाळली. निकाल बरोबर की चूक, यावर चाहते आजही भांडतात. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे विजेतेपदाच्या लढतीतील पुरावा मनोरंजनासाठी बसवलेल्या कॅमेऱ्यात होता, आणि तो कॅमेरा ज्या कंपनीचा तिचा धंदा त्याच विजेतेपदाच्या चुरशीवर चालतो.

त्याच हंगामाच्या अबुधाबीतील अखेरच्या शर्यतीत संघप्रमुख आणि शर्यत संचालक यांच्यातील रेडिओ संभाषण जगाने ऐकले. त्यामुळेच संचालकांवर किती दबाव येत होता हे समजले. पुढच्या वर्षी एफआयएने काय केले? संघांना संचालकांशी थेट बोलून दबाव आणता येऊ नये, यासाठी पावले उचलली ती योग्यच. पण या संभाषणाचे प्रक्षेपणही थांबवले. दबाव नको हे पटते, मात्र तो दिसूही नये हे पटत नाही.

अपघातांचे काय? दाखवावे की लपवावे?

इथे कोणतीही एक बाजू घेणे सोपे नाही. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनमध्ये रोमेन ग्रोसजाँची गाडी कठड्यात घुसली आणि पेटली. तो बाहेर आल्याचे, बोलत असल्याचे कळेपर्यंत रीप्ले दाखवला गेला नाही. घरी बसलेल्या कुटुंबीयांचा विचार करता हा संकेत योग्यच आहे. नंतर मात्र तीच आग इतक्या वेळा दाखवली की डॅनियल रिकार्डोने उघडपणे संताप व्यक्त केला. त्याला आणि इतरांना त्याच ट्रॅकवर पुन्हा गाडी घेऊन उतरायचे होते.

याउलट सुझुका, ५ ऑक्टोबर २०१४. पावसात ज्युल्स बियांचीची गाडी घसरली आणि दुसरी गाडी उचलायला आलेल्या ट्रॅक्टरवर आदळली. जागतिक प्रक्षेपणात धडकेचे दृश्य आले नाही. दुसऱ्या दिवशी एका प्रेक्षकाने टिपलेली चित्रफीत पसरली. त्यात अपघाताच्या जागी असलेल्या चौकीवर हिरवा झेंडा फडकताना दिसत होता. झाले! धोका असताना हिरवा झेंडा कसा, म्हणून गहजब उडाला. वस्तुतः धोक्याची जागा ओलांडल्यावरच्या चौकीवर हिरवा झेंडाच दाखवायचा असतो. पण हे समजावून सांगायला दुसरे कोणतेही दृश्य समोर नव्हते. नऊ महिन्यांनी, जुलै २०१५ मध्ये, बियांचीचा मृत्यू झाला. अधिकृत चित्र न दाखवल्याने कुटुंबाला त्या क्षणी दिलासा मिळाला असेल. पण प्रश्न सुरक्षिततेचा होता, आणि त्यावरची जगभरची चर्चा एका थरथरत्या मोबाइल चित्रफितीवर चालली.

कंपनीने प्रक्षेपण विकावे, भरपूर किमतीला विकावे, त्यात गैर काही नाही. कोट्यवधी खर्चून उभे केलेले चित्रण फुकट उचलून दाखवणे ही चोरीच. पण चालक, मार्शल किंवा प्रेक्षक जखमी होतो, तेव्हा त्या दृश्यावरचा अखेरचा शब्द विक्रेत्याचा असू नये. निदान चौकशी अहवालासोबत संबंधित चित्रण प्रसिद्ध करण्याचे बंधन नियामकावर असायला हवे. शंभर वर्षांसाठी व्यापारी हक्क देताना एफआयएने सुरक्षिततेची जबाबदारी स्वतःकडे ठेवली आहे. मग त्या जबाबदारीचा पुरावाही तिच्याकडे असायला काय हरकत आहे?

कायदा बातमीसाठी किती जागा ठेवतो?

युरोपात याचे उत्तर तुलनेने स्पष्ट आहे. मोठ्या सार्वजनिक उत्सुकतेच्या घटनांची छोटी दृश्ये बातमीपत्रात वापरण्याचा हक्क तिथल्या वाहिन्यांना आहे. त्याची मर्यादा साधारण ९० सेकंद. यासाठी केवळ तांत्रिक खर्च द्यायचा, हक्कांची किंमत नाही, हे युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये ऑस्ट्रियातील स्काय वाहिनीच्या प्रकरणात उचलून धरले.

भारतात सेकंदांचा असा आकडा कायद्यात नाही. स्वामित्वहक्क कायद्यानुसार प्रसारण संस्थेला तिच्या प्रक्षेपणावर २५ वर्षे हक्क असतो. मात्र चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी रास्त वापराची मुभा आहे. रास्त म्हणजे किती, हे दरवेळी न्यायालयात ठरते. माहितीबाबत मात्र दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१३ मध्ये महत्त्वाचा निकाल दिला. क्रिकेटच्या धावसंख्येचे मोबाइल संदेश पाठवण्यावर स्टार इंडियाने आक्षेप घेतला होता. एकदा सार्वजनिक झालेल्या माहितीवर अशी मालकी सांगता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. खटला क्रिकेटचा होता, तरी तर्क लॅप टायमिंगलाही लागू व्हायला हरकत नसावी. प्रसार भारतीशी प्रक्षेपण वाटून घेण्याचा २००७ चा कायदा आहे, पण तो राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित स्पर्धांपुरता. मोटार शर्यतींना त्याचा फायदा नाही.

प्रेक्षकाच्या हाती काय उरले?

मोफत टीव्हीवरून शर्यती हळूहळू उठत गेल्या. ब्रिटनमध्ये २०१९ पासून थेट प्रक्षेपण स्कायकडे आहे. चॅनल फोरला क्षणचित्रे आणि ब्रिटनमधील घरची शर्यत एवढेच मिळते. जर्मनीत आरटीएलवर दशकानुदशके मोफत दिसणारी शर्यत २०२१ पासून सशुल्क झाली. अमेरिकेत २०२६ पासून पाच वर्षे हक्क अॅपलकडे आहेत. भारतात २०२२ नंतर स्टार स्पोर्ट्स बाहेर पडले. २०२३ मध्ये टीव्हीवर शर्यतच नव्हती, फॉर्म्युला वनचे स्वतःचे अॅप तेवढे होते. २०२४ मध्ये मुंबईच्या ड्रीम स्पोर्ट्स समूहातील फॅनकोडने हक्क घेतले. म्हणजे शर्यत पुन्हा मोबाइलवर. मुंबईकर जेहान दारूवालाने डिसेंबर २०२० मध्ये बहरीनला फॉर्म्युला टूची पहिली शर्यत जिंकली, तेव्हा बहुतेक मराठी घरांत ती बातमी म्हणूनच पोहोचली, दृश्य म्हणून नाही.

आणखी काय मिळते? कथा. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’ आले आणि पॅडॉकची जी दारे पत्रकारांना बंद होती, ती मालिकेच्या कॅमेऱ्यांना उघडली. पहिल्या भागमालेत मर्सिडीज आणि फेरारी सहभागी झाले नाहीत. पुढे व्हर्स्टापेननेही काही काळ, आपल्या तोंडी नसलेली भांडणे रंगवली जातात, अशी तक्रार करत अंग काढून घेतले. मालिकेने नवे चाहते आणले, यात वाद नाही. पण हक्कधारकाच्या संमतीने तयार झालेले नाट्य म्हणजे वार्तांकन नव्हे. इतिहासाचीही तीच कथा. आयर्टन सेनावरचा २०१० चा माहितीपट बनू शकला तो एकलस्टन यांनी आपल्या संग्रहाचे दार उघडले म्हणून.

ट्रॅकवर तिकीट काढून गेलेल्याचे काय? अनेक शर्यतींच्या तिकिटामागील बारीक अक्षरांत लिहिलेले असते की टिपलेली चित्रे केवळ खासगी वापरासाठी, आणि त्यावरचे हक्क आयोजकांचे. बातमी देणाऱ्या संकेतस्थळाकडे उरतात ते वृत्तसंस्थेचे छायाचित्र, वेळांचा तक्ता आणि हक्कधारकाच्या समाजमाध्यम खात्यावरील पोस्ट बातमीत जोडण्याची सोय. ती पोस्ट मूळ खात्यावरून काढली गेली, की जुन्या बातमीत त्या जागी कोरा चौकोन दिसतो.